चिमटा एक घर खाली

लग्नाच्या मांडवात पंगती उठल्या की दोन-चार जण हमखास स्टेजजवळ यायचे आणि माझ्या गिटारकडे बोट करून विचारायचे, "मास्तर, ह्यो चिमटा कशापाई लावलाय?" मी सांगायचो, "गिटारला सर्दी झालीय, म्हणून नाक दाबलंय." माणसं हसायची आणि पानाच्या टेबलाकडे वळायची. शिरूरच्या ऑर्केस्ट्रात होतो तोवर मी हेच उत्तर दिलं. आधी खरं उत्तर द्यायला वेळ नसायचा, पुढे हिंमत राहिली नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी काही गमतीदार आठवणी लिहा म्हणून सांगितलंय. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मग चिमट्याचं सांगतो.

त्याला गिटारवाले केपो म्हणतात. गिटारच्या मानेवर आडव्या पितळी काड्या असतात आणि दोन काड्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. स्प्रिंगचा हा चिमटा दुसऱ्या घरात लावला की सगळ्या तारा तिथून सुरू होतात. बोटांचे आकार तेच, पण गाणं दोन पायऱ्या वर चढतं. चिमटा एक घर खाली आणला की एक पायरी उतरतं. हे करायचं कारण म्हणजे प्रत्येक गळ्याची उंची वेगळी. आपल्याकडे ती पेटीच्या सुरांवरून सांगतात. कुणी काळी एक गातो, कुणी पांढरी चार. त्याला पट्टी म्हणतात. गिटारवाले त्याच सुरांना सी, डी, ई म्हणतात. माझं निम्मं आयुष्य या दोन भाषांमध्ये दुभाषेपणा करण्यात गेलं.

हे मला दौंडच्या फ्रान्सिसमामांनी शिकवलं. ते रेल्वेत फिटर होते आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. मी शिरूरहून एसटीने त्यांच्याकडे जायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुड्यांची, वही मिटून ठेवली. म्हणाले, "नाव पाठ करू नको, नंबर पाठ कर. पहिला, सहावा, चौथा, पाचवा. घर बदलेल, पण नंबर नाही बदलणार." मला ते समजलं नाही, तेव्हा त्यांनी खिडकीतून समोर चाललेला मांडव दाखवला. मांडववाले तोच मांडव उद्या दुसऱ्या गल्लीत घालतील. खांबांमधलं अंतर तेच राहील. कॉर्डचंही तसंच. पहिला, चौथा, पाचवा म्हणजे ई पट्टीत ई, ए आणि बी असतील तर डी पट्टीत डी, जी आणि ए. अंतर हललं की मांडव कोसळला. मामा एकच गाणं बाराही पट्ट्यांत वाजवून घ्यायचे, आणि बारावी पट्टी नीट झाल्याशिवाय मामी चहा ठेवायच्या नाहीत. अनेकदा मी बिनचहाचा परत आलो आहे.

आता गमती. एका माजी सरपंचांनी मुलीच्या लग्नात स्वतः गायचा हट्ट धरला. पट्टी विचारली तर म्हणाले, "पट्टी-बिट्टी काय न्हाई, मी म्हणतो, तुम्ही या मागनं." त्यांनी सुरुवात कुठेतरी केली, दुसरी ओळ भलतीकडे नेली, आणि कडव्याला तर गावच बदललं. मी चिमटा घेऊन त्यांच्या मागे पळतोय, कीबोर्डवाला इक्बाल घाम पुसतोय. गाणं संपल्यावर सरपंच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही लई चुकत व्हता मास्तर, पर मी संभाळून घेतलं."

माझा क्लास शिरूरला एका पिठाच्या गिरणीवर होता. तिथे कारेगावहून एक उत्तरेकडचा कामगार यायचा. त्याला गिटार शिकायची नव्हती, फक्त एक गाणं शिकायचं होतं, गावाकडे बायकोला फोनवर ऐकवायला. ते गाणं त्याच्या गळ्याला फार उंच होतं. चार दिवस ओरडून त्याचा घसा बसला, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, गाना मेरे गले में ला दो ना." मी गाणं पाच पायऱ्या उतरवलं, कॉर्ड सगळ्या बदलून दिल्या, आणि त्याने ते पहिल्यांदा पूर्ण गायलं तेव्हा गिरणीतल्या बायका वर बघायला लागल्या. माझ्या धंद्याची याहून चांगली व्याख्या मला कुणी सांगितली नाही. गाणं माणसाच्या गळ्यात आणून द्यायचं. मला या कामाचा अभिमान होता. तो कसा गेला ते पुढे.

बिरू वडगाव रासाईचा. त्याचे आजोबा-पणजोबा मेंढरं घेऊन मुलखभर फिरलेले, वडिलांनी भीमेकाठी जमीन कसायला घेतली, आणि बिरूच्या वाट्याला कांदा-ऊस आला. पण गळा मेंढपाळाचाच राहिला. नदीच्या या काठावरून त्या काठावरचा कळप वळवणारा आवाज. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला तो आमच्या ऑर्केस्ट्रात आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "कुठली पट्टी?" त्याला पट्टी माहीत नव्हती. त्याने बिरोबाचं एक गाणं म्हटलं, स्वतःच जुळवलेलं, आणि मी पेटीवर शोधत शोधत वर गेलो. काळी तीन. पुरुषाच्या गळ्याला ती उंच. शिवाय त्या गाण्याची शेवटची ओळ आणखी वरच्या सप्तकात जायची आणि तिथे तो थांबून राहायचा. पेटीवरचा माझा हात तसाच राहिला होता.

तेव्हापासून निवेदक त्याचं नाव "काळी तीनचा बिरू" असंच पुकारायचा. शेतकऱ्याला जसा बैलजोडीचा तसा त्याला त्या पट्टीचा अभिमान. आमच्यातला एक जुना गायक वयामुळे खालच्या पट्टीत गायला लागला, तेव्हा बिरू मला म्हणाला, "मास्तर, ज्या दिवशी माझी पट्टी उतरंल ना, त्या दिवशी माईक ठिवीन आन् कांदं काढाय जाईन. उतरून गाणाऱ्यातला मी न्हाई." हे तो हसत बोलला नव्हता.

आणखी एक त्याची खोड होती. गाणं सुरू होण्याआधी तो इक्बालच्या हाताकडे बघायचा. इक्बालचा अंगठा काळी तीनवर दिसला की मान हलवायचा, मग डोळे मिटून सूर घ्यायचा. गिटारकडे तो कधी बघत नसे. गिटार त्याला कळत नव्हती, आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता.

नव्याण्णवच्या जत्रांच्या दिवसांत एका तालमीला मला पहिल्यांदा जाणवलं. शेवटच्या ओळीला तो पोचला, पण थांबला नाही. हात लावून लगेच खाली आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने चिडून इक्बालवर खेकसून घेतलं, "तुझा बाजा चढलाय!" बाजा चढलेला नव्हता. बिरू उतरला होता, एक पायरी. माझा कान या बाबतीत फार कमी चुकतो, आणि त्या दिवशी तो चुकला असता तर बरं झालं असतं.

मी काय करायला हवं होतं, ते आज शाळेतलं पोरगंही सांगेल. त्याला बाजूला घेऊन म्हणायचं, बिरू, गळा दाखवून घे. पण मला त्याचं ते वाक्य आठवलं. हा माईक ठेवील. तो माईक ठेवील तर लोक आम्हाला कशाला बोलावतील? सुपाऱ्या त्याच्या नावावर येत होत्या, माझ्या गिटारवर नाही. आणि हेही खरं की मला त्याचं दुःख बघवलं नसतं. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं होतं याचा मी खूप विचार केला आहे आणि उत्तर मला आवडलेलं नाही.

मी इक्बालला म्हणालो, "तुझं ते बटण एक खाली घे."

कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण असतं. ते उणे एकवर ठेवलं की बोट काळी तीनवर दाबायचं आणि आवाज एक पायरी खालचा यायचा. इक्बालला चिमटा लागत नव्हता की मांडव हलवावा लागत नव्हता. फ्रान्सिसमामांच्या बारा पट्ट्या एका बटणात. मला ते बटण डोळ्यांसमोर नको असायचं, पण त्या दिवशी ते देवासारखं धावून आलं. इक्बाल म्हणाला, "बिरूभाऊला कळलं तर?" मी म्हणालो, "तो तुझा अंगठा बघतो. अंगठा जागेवरच आहे."

मी चिमटा दुसऱ्या घरातून पहिल्या घरात आणला. बिरूने अंगठा बघितला, मान हलवली, डोळे मिटले आणि शेवटच्या ओळीला जाऊन मस्त थांबून राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, "बघा, आज कसा बाजा सरळ व्हता!" आम्ही दोघं हसलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. गाणं त्याच्या गळ्यात आणून दिलं होतं.

माझी एक वही असायची. प्रत्येक गायकाला एक पान, त्यावर गाव, महिना आणि गायलेली पट्टी. पुढच्या कार्यक्रमाला चूक होऊ नये म्हणून ही सवय. बिरूच्या पानावर सात वर्षं एकच शब्द खाली खाली उतरवत आलो होतो, काळी तीन. आता तिथे पेटीवर तिच्या लगेच खालची, पांढरी चार लिहिली. वर्षभराने आणखी एक पायरी खाली, पांढरी तीन. तिथे चिमटा पूर्णच निघाला. आवाजाला एक घोगरी किनार आली होती. लोक म्हणायचे, बिरूचा आवाज आता भरदार झाला. आम्हीही तेच म्हणायचो.

एकदा क्लासवरच्या तालमीनंतर त्याची बायको मंदावहिनी जिन्यात थांबली होती. बाजाराला आली होती, हातात पिशव्या. म्हणाली, "भावजी, एक इचारू? ह्यांचा घसा घरी लई खरखरतोय. सकाळी तर आवाजच फुटत न्हाई. म्या म्हणते पुण्याला दाखवू, तर म्हणत्यात मला काय धाड भरलीय. तुम्ही रोज ऐकता. तुम्हाला काय वाटतंय?"

मी म्हणालो, "काही नाही वहिनी. हंगाम आहे, ताण पडतो. पट्टी अजून तीच आहे."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग झालं," ती म्हणाली. "तुमच्या कानाम्होरं डॉक्टरचा काय पाड?" आणि पिशव्या उचलून जिना उतरली. खाली गिरणी चालू होती. मी वर उभा राहून तिला हाक मारू शकलो असतो. ती एसटी स्टँडकडे वळेपर्यंत दिसत होती.

त्याच वर्षी वडगावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम झाला. बिरू त्याच्याच गावात पहिल्यांदा गाणार होता. अख्खी आळी पुढे बसलेली. पहिल्या रांगेत त्याचे चुलत आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. बिरू त्या दिवशी गायला तसा मी त्याला कधी ऐकला नाही. शेवटची ओळ त्याने इतका वेळ धरली की ढोलकीवाला हात उचलून बघत राहिला. लोक उठून उभे राहिले. आबा काठी टेकत स्टेजवर आले आणि त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं काढून बिरूच्या खांद्यावर टाकलं. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. म्हणाले, "अजून कळप वळंल असा आवाज हाय रं!" बिरूने माईकवरच सांगितलं, "काळी तीन हाय आबा, काळी तीन! येक सूत खाली न्हाई!" इक्बालने माझ्याकडे बघितलं नाही. वहीत मी लिहिलं, वडगाव रासाई, जत्रा, पांढरी तीन.

पुढे आणखी एक पायरी गेली. काळी दोन. आता माझे हाताचे आकारही बदलावे लागले. ईचा मांडव मोडून डीचा घालावा लागला, चिमटा पुन्हा पहिल्या घरात. वाजवणाऱ्याला हे कठीण नाही. सवयीने मला ते कठीण वाटेनासं झालं, हेच वाईट.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात कारेगावला दुपारचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि बिरोबाच्या गाण्याची फर्माईश आली. सुरुवातीचे सूर झाले आणि वीज गेली. त्या काळात वीज जाणं हे नवं नव्हतं, मांडववाल्याने जनरेटर ओढला, पंखे फिरले, निवेदक म्हणाला, "पुन्हा एकदा, जोरात!" इक्बालने वाजवायला घेतलं.

आता जो घडला तो प्रकार फक्त आमच्यातच होऊ शकतो. वीज गेली की त्या कीबोर्डची सगळी बटणं शून्यावर यायची. इक्बाल ते विसरला. त्याचा अंगठा काळी तीनवर होता आणि आवाजही खराखुरा काळी तीनचा आला, तीन वर्षांनी पहिल्यांदा. मला पहिल्याच सुराला कळलं, कारण माझी गिटार त्याच्याशी भांडायला लागली. माझ्यापुढे दोन रस्ते होते. हात वर करून थांबवायचं, म्हणजे बिरू विचारणार, काय झालं. किंवा चिमटा दुसऱ्या घरात सरकवून, पुन्हा ईचे आकार धरून त्याच्यासोबत जायचं. मी चिमटा सरकवला.

बिरूने अंगठा बघितला, मान हलवली, डोळे मिटले. धृपद निभावलं. कडव्यात त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेवटच्या ओळीला तो वर गेला आणि तिथे काही नव्हतं. आवाज फाटलाही नाही. नुसती हवा बाहेर आली, आणि माईकने ती हवा सगळ्या मांडवाला ऐकवली. काही लोक हसले. बिरूने डोळे उघडून इक्बालच्या अंगठ्याकडे बघितलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून तारा लावत असल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

बिरू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काल दुपारपासनं. त्याआधी काय सुदिक न्हवतं. काळी तीन गात व्हतो. इचारा मास्तरला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. वही माझ्या पिशवीत होती. मी म्हणालो, "हो."

एवढंच. त्या एका शब्दावर डॉक्टरांनी ताण पडल्याचं निदान केलं, गोळ्या आणि गुळण्या दिल्या, पंधरा दिवस बोलू नका म्हणाले. त्यांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. बिरूला घास गिळताना दुखायला लागलं, तेव्हा मंदावहिनीने कुणाचं न ऐकता पुण्याची गाडी पकडली. मलाही बरोबर यायला सांगितलं, कारण गळ्यातलं मला कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

पुण्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. नळी घालून त्यांनी तपासलं आणि हात धुऊन खुर्चीत बसल्या. मग त्यांनीही तेच विचारलं. मंदावहिनी म्हणाली, "कारेगावच्या लग्नापास्नं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या थोड्या दिवसांचं हे नाही. आधी काहीच जाणवलं नाही? आवाज जड होणं, वर न जाणं?"

मी पिशवीतून वही काढली. बिरूचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना काळी-पांढरी कळेना, तेव्हा मी समजावून सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. ही इथली पायरी, ही तिच्याखालची. त्या बोट फिरवत खाली आल्या. "म्हणजे तीन वर्षं," त्या म्हणाल्या. आणि केसपेपरवर लिहिता लिहिता, वर न बघता, "एवढं व्यवस्थित लिहून ठेवलेलं, आणि दाखवलं नाहीत?"

बिरू बाहेर बाकावर होता. मंदावहिनी माझ्या शेजारीच बसली होती. ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती हळू म्हणाली, "भावजी, तुम्ही म्हणला व्हता पट्टी तीच हाय." मग पदर सावरून बाहेर नवऱ्यापाशी जाऊन बसली.

गाठ स्वरयंत्रावर होती. लवकर आला असता तर किरणांचा शेक देऊन आवाज वाचायची आशा होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला पुढून भोक, श्वास तिथून. बिरू घरी आला, आणि त्याच्या घरातलं बोलणारं एक माणूस कमी झालं.

दोन महिन्यांनी सकाळी तो माझ्या क्लासवर आला. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला, काखेत पोराची पाटी. मी उठून खुर्ची दिली. त्याने पाटीवर लिहिलं, "वही." मंदावहिनीने त्याला सांगितलं होतं. मी वही दिली.

तो सातवी शिकलेला होता, वाचायचा सावकाश. बोट वरून खाली येत होतं. काळी तीन, काळी तीन, काळी तीन. पहिल्या पांढरी चारवर बोट थांबलं, पुढे सरकलं. मला वाटलं आता विचारेल, सांगितलं का नाहीस. त्याचं उत्तर मी अनेक दिवस तयार करून ठेवलं होतं. त्याने ते विचारलंच नाही. बोट जत्रेच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. खूप वेळ. खालची गिरणी बंद होती, त्यामुळे त्याचा श्वास पंचाखालून येता-जाताना ऐकू येत होता.

मग त्याने पाटी घेतली आणि लिहिलं, "गावात बी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. वहीत चुकलं, गावात काळी तीनच होती, असं म्हणालो असतो तर त्याने ते मानलं असतं, माझ्या कानावर त्याचा विश्वास होता. पण आधीची चूक दुरुस्त करण्यासाठी माझ्याजवळ फक्त खरंच उरलं होतं, आणि ते मी नेमकं तिथे वापरलं. मी मान हलवली. होय.

बिरूने पाटी तळहाताने पुसली. वही मिटून टेबलावर ठेवली, सरळ, कोपऱ्याला कोपरा लावून. उठला आणि गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही, आणि मी दोनदा वडगावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत फिरलो. रोग मानेत पसरला होता. दीड वर्षाने तो गेला.

ऑर्केस्ट्रा पुढे बंद पडला. इक्बालने दौंडला मोबाईलचं दुकान टाकलं. माझ्याकडे क्लास राहिला, तोही आता नाही. असेपर्यंत एक नियम पाळला. शिकायला आलेल्याचा सूर वर पोचेना, तर चिमट्याला हात लावायच्या आधी मी त्याला तोंडावर सांगायचो, तुझी पट्टी उतरलीय. काही पोरं रुसून क्लास सोडून गेली.

बिरूच्या वर्षश्राद्धाला मंदावहिनीने बोलावणं पाठवलं. का पाठवलं, मला अजून कळलेलं नाही. दुपारची जेवणं झाली, माणसं ओट्यावर बसली होती, आणि कुणीतरी जत्रेच्या कार्यक्रमाची कॅसेट लावली. तेच गाणं. शेवटची ओळ आली आणि बिरू तिथे थांबून राहिला, तसाच, न संपणारा. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेपमधला बिरू म्हणाला, "काळी तीन हाय आबा, काळी तीन!" आबांनी वळून मला विचारलं, "व्हय ना मास्तर? काळी तीनच ना?"

मंदावहिनी दारात उभी होती. मी म्हणालो, "नाही आबा. पांढरी तीन होती. दोन पायऱ्या खाली."

आबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं त्यांना राग आला. पण ते म्हणाले, "आसंल बाबा. आमाला काय त्यातलं कळतंय? काळी आसू द्या, न्हाईतर पांढरी. आमाला आमचा बिरू ऐकू आला, झालं."

कॅसेटमध्ये टाळ्या वाजत होत्या. मंदावहिनी पुढे आली, वाकली आणि तिने टेप बंद केला.